एका कानाचं अस्वल

बुधू दुकानात शिरला तेव्हा देवाजी शकुबाईंना एक लाकडी खांब दाखवत होता. हातभर उंचीचा, चकचकीत, अंगावर बैल, कुऱ्हाड आणि अस्वल कोरलेलं. चांद्याच्या बाजारातले बाकीचे दुकानदार आहेराला पितळी भांडी विकत. देवाजी मात्र स्वतः नक्षी निवडून सुताराकडून वस्तू करून घेई, आणि त्याची बढाई गिऱ्हाइकाला ऐकावीच लागे.

"भाचीच्या लग्नात असा आहेर दुसऱ्या कोणाचाच नाई रायणार, बाई."

बुधूनं जंगलातून विकायला आणलेलं चारोळीचं गाठोडं खाली ठेवलं आणि खांबावरून बोट फिरवलं.

"हात नको लावू," देवाजी खेकसला. "घ्याचं नाई तं बाहेर हो."

"अस्वलाले एकच कान काऊन?"

"नक्षी आहे ते. तुले काय समजते?"

"माही सुरी घसरली होती," बुधू म्हणाला. "माह्या बापाले अस्वलानं मारलं. त्याच्या नावाचा खांब म्या कोरला, शिवेवर रोवला. तुमी उन्हाळ्यात आमच्या गावाले आले होते. कागदावर चित्र काढून नेलं."

चोरी उघडी पडली ती पडली, पण गिऱ्हाइकासमोर पडली, याचा देवाजीला भयंकर राग आला.

"तुहा खांब म्या उपटून आणला का? लाकूड माहं, सुतार माहा. निघ."

बुधू निघाला नाही. फळीवर तसलेच खांब ओळीनं उभे होते. तो एकेकाकडे बघत राहिला. मग शकुबाईंकडे वळला.

"आमच्या गावात खांब रोवला का मेलेला माणूस त्याच्यात येऊन बसते. न्या, बाई. नाव पत्रू होतं. नवं धान आलं का पयले त्याले द्या, मंग नवरानवरीनं खावं. इसरलं तं त्याले राग येते."

शकुबाईंनी पदर सावरला आणि खांब तिथंच सोडून त्या दुकानाबाहेर पडल्या.

"घेऊन जा तुहा बाप," देवाजी ओरडला. "सारे घेऊन जा, फुकट."

"मी कसा नेऊ?" बुधूनं गाठोडं उचललं. "जो खांब रोवते तोच त्याचा पोरगा. म्या एकच रोवला. हे तुमचे."

पायरीवर तो थांबला. "त्याले मोहाची दारू लागते, भाऊ. सांजच्याले."

तो गेल्यावर देवाजीनं शिवी हासडली आणि खांब फळीवर ठेवायला हात पुढे केला. हात मध्येच थांबला. खांब गल्ल्यासमोर तसाच उभा राहिला, अस्वलाचं तोंड देवाजीकडे.