झिजलेले कोपरे

"त्या खांबावर फुली मारू नका!"

ती ओरडली तेव्हा खांबाशी गुडघे टेकून बसली होती. एका हातात फोमची पट्टी, मांडीवर कात्री. लाल रंगाचा डबा घेऊन आलेला म्हातारा गवंडी दचकून मागे सरला.

काल मधल्या सुट्टीत तिची लेक धावत येऊन शाळेच्या व्हरांड्यातल्या याच खांबावर आदळली होती. दगडी, चौकोनी, दोन हातांच्या कवेत न मावणारा खांब. घरी तिनं टेबलापासून पलंगापर्यंत प्रत्येक कडेला फोम लावला होता. नवरा म्हणायचा, आता फक्त मला लावायचा राहिलाय. शाळेला सुचत नसेल तर मीच लावते, अशा तावातावानं ती शाळा भरायच्या आधीच येऊन बसली होती. फक्त एक गोष्ट तिला कालपासून कळत नव्हती. पोरीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, पण खोक पडली नव्हती.

पट्टी चिकटवायला तिनं कोपऱ्यावर बोट ठेवलं, आणि बोट घसरलं. तिथे कडच नव्हती. कोपरा साबणाच्या वडीसारखा गोल होता. ती हात वर नेत उभी राहिली. तिच्या छातीपर्यंत दगड गोल आणि तिथून वर एकदम धारदार. ती दुसऱ्या खांबाकडे गेली. तोही तसाच. तिसराही. लहान मुलाचं डोकं पोचेल तिथवर गोल, त्याच्यावर बोटभरही नाही.

ती परत पहिल्या खांबाशी येऊन बसली होती, तेवढ्यात हा गवंडी डबा घेऊन आला.

त्याच्या मागून मुख्याध्यापिका आल्या. सोबत फाइल काखेत मारलेला इंजिनिअर.

"आज आठवं पत्र आणलंत की काय?" बाई हसल्या. "पाण्याच्या टाकीचं झाकण झालं, फाटकाची कडी झाली..."

"हसू नका, बाई. ही फुली कसली?"

बाईंचं हसू मावळलं. "इमारत पाडायची आहे. सोमवारपासून. मुलं समोरच्या नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर."

चौथ्या मजल्यावर! ती इमारत तिनं पाहिली होती. काचेचे कठडे, आणि भिंतींच्या कोपऱ्यांना चकचकीत स्टीलच्या पट्ट्या.

"का पण?"

"खांब झिजलेत, मॅडम," इंजिनिअर म्हणाला. "शंभर वर्षं पोरांनी हात फिरवले. कोपरे बघा ना, पार गेलेत. असा दगड किती दिवस भार पेलणार?"

"तुम्ही हात लावून पाहिलात?"

"फोटो आहेत की."

"फोटो!" तिचा आवाज व्हरांडाभर घुमला. "भाजी घेतानासुद्धा माणूस दाबून बघतो हो! इथे अख्खी शाळा पाडताय!"

तिची नजर शेवटच्या खांबाकडे गेली. त्याच्या पुढ्यात ढालींचं अवाढव्य लाकडी कपाट होतं.

"हे कपाट कधीपासून इथे आहे, बाई?"

"शाळा सुरू झाली तेव्हापासून. ते हललेलं कुणी पाहिलेलंच नाही."

"मग आज बघू."

तिनं खांदा लावला. कपाट ढिम्म हललं नाही. गवंड्यानं डबा खाली ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं खांदा लावला. कपाट करकरत सरकलं. मागून धूळ, पेन्सिलींची थोटकं, एक गोटी घरंगळत आली.

कपाटामागचा कोपराही गोल होता. बरोबर तेवढ्याच उंचीपर्यंत.

"इथे कुठल्या पोरानं हात फिरवला?" तिनं इंजिनिअरला विचारलं.

गवंडी खाली बसला. धूळ पुसून त्यानं दगडावरून अंगठा फिरवला. दगडावर बारीक तिरप्या रेघा होत्या, एकीला लागून एक.

"झीज नाही ही, साहेब. टाकीचे घाव आहेत. दगड बसवल्यावर, उकिडवं बसून, हातानं गोल केलाय." त्यानं वर पाहिलं. "एकेका खांबाला आठवडा लागला असेल. आणि जिथे कपाट येणार तिथेसुद्धा सोडलं नाही गड्यानं."

इंजिनिअरनं घसा खाकरला. "असेलही. पण मी काही मनानं आलो नाही. पालकाची लेखी तक्रार होती. त्यावरून चौकशी, चौकशीवरून अहवाल."

"कोण हा पालक?" ती कडाडली. "शंभर वर्षांपूर्वीच्या माणसानं दुसऱ्यांच्या पोरांसाठी एवढं केलं, आणि याला वाकून एक बोट लावायचे कष्ट झाले? नुसती काळजी काळजी म्हणून बोंब मारायची! दाखवा मला तो कागद."

"राहू द्या ना आता," बाई हळूच म्हणाल्या.

"नाही, दाखवाच."

इंजिनिअरनं फाइल उघडून पुढे धरली. अकरा मुद्द्यांचं पत्र होतं, गेल्या वर्षीच्या प्रवेशाच्या दिवसाचं. नवव्या मुद्द्याखाली लाल रेघ होती. ती मोठ्यानं वाचू लागली.

"'व्हरांड्याचे खांब फाटकातून पाहतानाही झिजलेले दिसतात... असा दगड कधीही दगा देईल... मुलांच्या जिवाशी खेळ...'"

तिचा आवाज उतरत गेला. खाली सही होती. तिथे तो थांबला.

"कोणाची आहे हो?" गवंड्यानं विचारलं.

तिनं फोमची पट्टी पर्समध्ये कोंबली आणि बाईंपुढे हात केला.

"एक कोरा कागद द्या, बाई. आठवं पत्र माझ्याविरुद्ध आहे."