जुने पॉइंट

गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढून संपत मेकॅनिकने आत टॉर्च मारली आणि तो हसला.

"ताई, हे पॉइंट न्हाईत, पॉइंटाची सालं हायेत. घासून घासून काय ठेवलंच न्हाई दादांनी."

ज्योत्स्ना वाकून बघत होती. दादा म्हणजे तिचे वडील. दर रविवारी ते पॉलिश पेपरची घडी करून इंजिनाला ठिणगी पुरवणारे हे टिकलीएवढे दोन तुकडे घासत बसायचे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पावसाळ्यात दादा गेले. तेव्हापासून त्यांची पद्मिनी गाडी कुणाच्याच हाताने सुरू झाली नव्हती. शेवटी राजरत्नने, तिच्या भावाने, भंगारवाल्याशी बोलून टाकलं. बोरीहून आळेफाट्यापर्यंत गाडी ओढत आणली ती भंगारवाल्याच्याच टेम्पोने. वाटेत एकदा गॅरेजला दाखवू दे, एवढंच ज्योत्स्नाने भावाकडून मागून घेतलं होतं. सुरू झाली तर गाडी राहणार होती. नाही झाली तर तोच टेम्पो तिला पुढे चाकणला नेणार होता.

"चालू व्हायची असती तर मला कशाला बोलावलं असतं, राव?" टायरवर बसलेला टेम्पोवाला बहिरू म्हणाला.

"तू गप," संपत म्हणाला. "तुझा टेम्पो रोज चार माणसं ढकलत्यात."

"चढावर. उतारावर एकच माणूस पुरतो."

बायडाबाई, ज्योत्स्नाची आई, गाडीजवळच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. गाडी ठेवायची की द्यायची, यावर त्यांचं दोन्ही मुलांना एकच उत्तर होतं, "तुमी बघा."

ज्योत्स्नाने पुण्याहून आणलेलं खोकं संपतने उघडलं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट. वर कंपनीचं नाव नव्हतं. आत बोटाच्या पेराएवढा काळा ठोकळा, लोहचुंबकाचं एक कडं, एक लाल वायर, एक काळी. हे बसवलं की पॉइंट नकोत, घासणं नको, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

"स्वस्तातलं हाय," संपत म्हणाला. "बसंल. पर भोक जुळत न्हाई, कानस मारावी लागंल."

त्याने पॉइंट सोडवून ज्योत्स्नाच्या तळहातावर ठेवले. बहिरू उठून बघायला आला.

"एवढ्याशापायी अडून बसलीया व्हय?"

ज्योत्स्नाने मूठ मिटली.

कानशीचा आवाज बराच वेळ चालला. ठोकळा एकदाचा बसला. आता ठोकळा आणि कडं यांच्यामध्ये अगदी बारीक फट ठेवायची होती, आणि संपतला त्याचं मापाचं पातं सापडेना. त्याने खिसे चाचपले, डबा उलटा केला.

"जाड कागद हाय का कुणाकडं?"

"पत्रिका दे त्याला," बायडाबाई ज्योत्स्नाला म्हणाल्या. "माझ्या पिशवीत हाय."

पेठच्या कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती. संपतने ती हातात घेतली आणि कड धरली.

"नावाकडून नगं फाडू," बायडाबाई म्हणाल्या. "ठिकाणाकडून फाड. ते फट मापायला तसंच फाडायचे."

"लगीन झालंय ना पण?" बहिरू म्हणाला. "न्हाईतर पावणं जेवायला जायाचं कुठं?"

संपत हसला. बायडाबाईंनी पदराने ओठ पुसले.

मंगल कार्यालयाच्या पत्त्याची पट्टी फाडून संपतने फटीत सरकवली, स्क्रू आवळला, पट्टी ओढून काढली. लाल वायर जोडली, काळी जोडली. टोपण बसवून क्लिपा लावल्या. बॅटरी त्याने गॅरेजमधलीच लावली होती.

"बसा ताई. मारा सेल्फ."

ज्योत्स्नाने पॉइंट पर्समध्ये टाकले, आत बसली आणि किल्ली फिरवली.

इंजिन लगेच सुरू झालं. खोकलं नाही, की त्याने हिसके दिले नाहीत. शिलाई मशीनसारखं एका लयीत चालू लागलं. ज्योत्स्नाने किल्ली पिळून तशीच धरली होती. सेल्फ कर्कश ओरडायला लागला.

"ताई, सोडा," संपत म्हणाला. "चालू झाली. कवाच झाली. सेल्फ जळंल, किल्ली सोडा."

तिला ऐकू येत होतं. हात सुटत नव्हता. पाय क्लचपर्यंत पोचत नव्हते तेव्हापासून दादा बॉनेटशी आणि ती किल्लीशी, अशीच ही गाडी सुरू व्हायची. किल्ली लवकर सोडली की इंजिन बंद पडे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. गाडीने खरंच स्टार्ट घेतलाय की नाही, हे दादा कान देऊन ठरवायचे, मग उघड्या बॉनेटमागून म्हणायचे, "घेतला." तो शब्द कानावर आल्याशिवाय तिने आजवर किल्ली सोडली नव्हती.

"अवो ताई," बहिरूही ओरडला. संपत बॅटरीची वायर काढायला वाकला.

बायडाबाई खुर्चीवरून उठल्या. संपतच्या दंडाला धरून त्यांनी त्याला बाजूला केलं आणि त्या बॉनेटमागे जाऊन उभ्या राहिल्या. आतून ज्योत्स्नाला आता त्यांच्या लुगड्याचा काठही दिसत नव्हता. त्या क्षणभर ऐकत राहिल्या.

"घेतला," त्या म्हणाल्या.

ज्योत्स्नाने किल्ली सोडली.