पुढचं कुठलं

"पाचही भाग संपले. आता पुढे काय?"

शिवणकामवाल्या बाईंनी पाचवा खंड टेबलावर ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसून घेतलं. वाचनालय दुसऱ्या मजल्यावर होतं, जिना चढून आलं की त्यांना दम लागायचा. बाहीला नेहमीसारखे धाग्याचे तुकडे चिकटलेले होते.

ग्रंथपालांना हा प्रश्न आवडायचा. मिठाच्या राज्याची ती गाथा संपवणारा प्रत्येकजण आठवडाभर हरवल्यासारखा फिरायचा आणि मग इथे येऊन हेच विचारायचा. त्या स्वतः त्या लेखकाचं पानन् पान वाचून बसल्या होत्या.

"तुम्हीच वाचता ना?"

"वाचते मी, ऐकतो धाकटा भाऊ. बांधकामावरून पडला, तेव्हापासून अंथरुणात आहे. संध्याकाळी मशीन बंद केलं की तासभर वाचून दाखवते."

ग्रंथपालांनी बोटांवर मोजलं. तरुणपणी लिहिलेली एक सुटी कादंबरी. गोष्टींचा एक पातळ संग्रह. आणि त्या राज्याच्या आधीच्या हजार वर्षांची बखर, तीन खंड, एकेक विटेएवढा.

"खरी मजा बखरीत आहे. पण ती सावकाश वाचायची चीज. वेळ किती आहे हाताशी?"

बाई टेबलाच्या कडेकडे बघत राहिल्या. "डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत. फार तर."

ग्रंथपालांनी मोजायला उघडलेली बोटं मिटली. "भावाला माहीत आहे?"

"आहे ना. पण घरात तो विषय काढत नाही आम्ही. पुस्तकाचंच बोलतो."

"मग हा गोष्टींचा संग्रह न्या. सुरू केलेली गोष्ट त्याच दिवशी संपते."

"हेच बरं," बाई म्हणाल्या. "अर्ध्यावर सुटलं तर त्याच्या जिवाला लागेल."

त्या गेल्यावर ग्रंथपालांनी बखरीचे तिन्ही खंड फळीवरून काढून कपाटात टाकले आणि कुलूप लावलं. वडिलांच्या उशाशी राहिलेलं पुस्तक त्यांच्या घरी अजून होतं, तीनशे बाराव्या पानावर खूण घातलेलं. इतक्या वर्षांत ती खूण काढायचा धीर कुणाला झाला नव्हता. आणखी एका घरात तसं पुस्तक नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पुढच्या आठवड्यात बाई आल्या तेव्हा त्यांच्या गालांची हाडं वर आली होती. आजाऱ्याचं करता करता माणूस असा झिजतो, हे ग्रंथपालांनी स्वतः अनुभवलं होतं.

"रुसलाय तो," बाई म्हणाल्या. "म्हणतो, असल्या चिल्लर गोष्टी नकोत. बखर आण."

"बाहेर गेलीय हो. कुणीतरी नेलीय." खोटं बोलताना ग्रंथपालांनी उगाच रजिस्टर चाळलं. मग सुटी कादंबरी काढून दिली.

दहा दिवसांनी कादंबरीही परत आली.

"आली का बखर?"

"अजून नाही."

बाई किंचित हसल्या. "बरंच झालं म्हणा. मीही त्याला तेच सांगते, एवढं मोठं कशाला सुरू करायचं. तर काल माझ्यावर ओरडला. जन्मात कधी आवाज चढवला नव्हता त्यानं. म्हणाला, जाडजूडच आण, पुस्तक अर्ध्यात टाकून कुणी जात नसतं." त्यांनी बाहीवरचा एक धागा काढला. "आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवलाही नाही."

ग्रंथपाल उठल्या. कपाटाचं कुलूप काढून त्यांनी तिन्ही खंड टेबलावर आणून ठेवले.

"इथेच होते. मीच लपवले होते. चुकलं माझं. मला वाटलं, पुरं नाही झालं तर..."

"मलाही तेच वाटत होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी वरच्या खंडावर हात ठेवला. "असू दे. त्याच्या मनासारखं होऊ दे."

नियमानं एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. ग्रंथपालांनी तिन्ही दिले. बाईंना पिशवी उचलवेना, तेव्हा त्यांनीच ती खाली रस्त्यापर्यंत नेऊन दिली.

त्यानंतर दोन महिने बाई फिरकल्या नाहीत. मुदत उलटलेल्यांना पत्रं जायची, त्यातून ग्रंथपाल तेवढं एक पत्र दरवेळी बाजूला काढायच्या. एकदा त्या मुद्दाम बाईंच्या घरावरून गेल्या. खालच्या शिवणाच्या दुकानाचं दार बंद होतं. वरच्या खोलीची खिडकी उघडी होती, पण वर जाऊन काय विचारणार? त्या तशाच परतल्या. काय झालं असेल ते न सांगताही कळत होतं. बाई आल्या तर त्यांच्याशी काय बोलायचं, याची वाक्यं त्या मनात जुळवायच्या आणि मोडायच्या. बखर द्यायला नको होती, हे मात्र रोज वाटायचं.

एका दुपारी जिन्यावर काठीचा आवाज आला. पायरी, थांबा, पुन्हा पायरी. तिशीतला एक माणूस एक पाय ओढत आत आला. त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून बखरीचा पहिला खंड काढून टेबलावर ठेवला, वर वाचनालयाचं कार्ड ठेवलं.

"बाकीचे दोन अजून थोडे दिवस ठेवले तर चालतील?"

ग्रंथपालांनी कार्ड पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा कार्ड.

"तुम्ही त्यांचे कोण?"

"धाकटा भाऊ." तो स्टुलावर बसला आणि काठी गुडघ्यांत धरली. "पहिला खंड ताईनं वाचला. दुसऱ्याच्या मध्यावर तिचा आवाज बसला, मग मी वाचायला लागलो. डॉक्टरांनी तिला सांगितलेले तीन महिनेही पुरे भरले नाहीत. एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत ऐकलं तिनं."