मूठभर कणीक

वृंदा लेकीला गार भाकरी कुस्करून द्यायला गेली, तर ती कुस्करेना. पोळीसारखी दुमडली.

"आई, ज्वारीत कणीक घातलीत?"

"मूठभरच गं," सासूबाई म्हणाल्या. "थापताना फाटत होती. पोरीला छान गोल मिळावी म्हणून."

वृंदाने ताट मागे ओढलं. दोन वर्षं पोटदुखीने वाळत चाललेल्या मनवाचं दुखणं डॉक्टरांनी परवाच ओळखलं होतं. गव्हातलं प्रथिन भिजवून मळलं की त्याचं चिवट जाळं विणलं जातं. त्यामुळेच पोळी फाटत नाही. तेच प्रथिन मनवाच्या आतड्याला जखमा करत होतं. ज्वारीत ते नसतंच.

"मला मेलीला वाटलं, एवढ्याशाने काय होतंय!" सासूबाई कासावीस झाल्या.

वृंदाने परात घासली, वेगळं ठेवलेलं ज्वारीचं पीठ काढलं, आधणाचं पाणी ओतून मळलं आणि थापायला बसली. तिसरी भाकरीही कडेने चिरली. तिने ती तशीच तव्यावर टाकली.

"अगं, फाटलीय ना ती," सासूबाई पुटपुटल्या.

"फाटू द्या, आई. फाटते तीच मनवाची भाकरी."