ताक सांडलं

इंदूच्या पत्राला नीलकंठपंतांनी उत्तर लिहिलं नव्हतं. ते पंचांगाच्या पानांत पडून होतं. धारच्या शाळेतून घरी आले की पंत रोज पंचांग उघडत आणि पुन्हा मिटत.

इंदू त्यांची धाकटी, विधवा बहीण. सासर देवासला, थोरल्या पातीच्या संस्थानात. लिहायला तिला पंतांनीच शिकवलं होतं. अक्षर अजून तसंच टपोरं होतं. फक्त ओळी खाली उतरत गेल्या होत्या.

'दादा, माझ्या छातीतून दुधासारखं येतं. आपोआप येतं. सासूबाईंनी आलवणावर डाग पाहिला. मी म्हणाले, ताक सांडलं. त्यांनी पदर हातात घेऊन वास घेतला. मी दर महिन्याला बाहेर बसते, तेही सोंग आहे म्हणतात. मामंजी काशीला धाडायचं बोलतात. देवाशपथ सांगते, मी काही केलेलं नाही. तुझ्या पोथ्यांत याला काही नाव सापडतं का, बघ.'

पंतांनी वैद्यकाच्या पोथ्या पाहिल्या होत्या. दूध सापडलं ते गर्भिणीच्या आणि बाळंतिणीच्या प्रकरणांत. मग त्यांनी पोथ्याही मिटल्या.

"वन्संचंच ना ते पत्र?" राजाबाई दारात उभ्या होत्या. हातात तांदळाचं सूप. "काय लिहिलंय एवढं?"

"बायकांचं आहे काहीतरी."

"मग तुम्ही काय वाचत बसलात? मला सांगा."

पंतांनी पत्नीकडे न पाहताच सांगितलं. आवाज इतका खाली गेला की राजाबाईंना पुढे यावं लागलं.

"विधवा बाई," पंत शेवटी म्हणाले. "याचा अर्थ काय घ्यायचा?"

राजाबाईंनी सूप खाली ठेवलं. दाराला कडी घातली. भिंतीकडे तोंड करून चोळीची गाठ सोडली, आतून फडक्याची एक घडी काढली आणि उघड्या पंचांगावर ठेवली.

घडीवर रुपयाएवढा डाग होता. कडा वाळून ताठ झालेल्या, मधोमध अजून ओल.

"घ्या अर्थ," त्या म्हणाल्या.

लग्नाला इतकी वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता. पंतांनी मान वर केली, आणि जे मनात यायला नको होतं ते डोळ्यांत येऊन गेलं.

राजाबाईंनी ते पाहिलं.

"आलं ना मनात? गेल्याच आठवड्यात मी बाहेर बसले होते. तेव्हा भात कुणी करपवला? की माझंही सोंगच?"

"नाही, नाही." पंत घाईघाईनं म्हणाले. "कधीपासून हे?"

"संक्रांतीपासून. वाटतं, आत काहीतरी नासलंय. आज ना उद्या रक्त येईल. सकाळी उठले की आधी फडकं बघते." त्यांनी चोळीची गाठ पुन्हा बांधली. "मला चोळी आहे म्हणून झाकलं गेलं. वन्संना विधवेचं नुसतं आलवण. त्या कुठे लपवतील?"

"मला का नाही सांगितलंस?"

"वन्संनी सांगितलं होतं. काय केलंत?"

पंतांनी दौत पुढे ओढली. मायना लिहिला, तो इंदूचा नव्हता. तिच्या सासऱ्यांचा होता.

"तिला लिहिलं तरी तेच फोडणार. म्हणून त्यांनाच लिहितो. मी येतो, इंदूला घेऊन जातो, इंदूरला बायकांच्या डॉक्टरणीला दाखवतो. पण नुसत्या माझ्या शब्दावर ते..." टाक थांबला. "तुझं लिहू का? पोटात मूल नसताना हेच माझ्याही घरात झालंय, असं?"

राजाबाईंच्या डोळ्यांपुढून इंदूच्या सासऱ्यांची देवासची कचेरी, तिथून धार, इथली हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई सरकून गेली. त्यांनी पदर दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"सगळ्यांना कळेल हो."

"कळेल."

टाकावरची शाई वाळून गेली.

"लिहा," राजाबाई म्हणाल्या. "आणि मलाही डॉक्टरणीकडे न्यायचं."

टपालपेटी बाजारात होती. राजाबाई पंतांच्या मागून चालत आल्या, पदर तसाच घट्ट धरून. पेटीशेजारचा पानवाला हसला.

"रामराम मास्साब! आज बाईसाहेब भी साथ में? ऐसी कौन-सी चिट्ठी है?"

पंतांनी लखोटा फटीत घातला, पण त्यांच्याच्यानं तो सोडवेना. अर्धा आत, अर्धा बाहेर. त्यांची नजर पेटीवर नव्हती, भोवतालच्या माणसांवर होती.

राजाबाईंनी पदरावरचा एक हात काढला आणि लखोटा आत ढकलला. तो तळाशी पडल्याचा बारीक आवाज आला.

"चला," त्या म्हणाल्या. तो हात त्यांनी पुन्हा पदराकडे नेला नाही.