पेशंटची सही

झोप नाही, जेवण जात नाही, सारखं रडू येतं, म्हणून नर्सिंगला शिकणाऱ्या सोनिकानं रामटेकला घरी जायला दोन दिवसांची सुट्टी मागितली. "तू नर्स होऊन राहिली ना? मग हे नाटक काहून वं?" म्हणत ढोक मॅडमनी अर्ज परत केला.

पुढच्या आठवड्यात त्याच मॅडमनी सोनिकानं लिहिलेली मनोरुग्णाची केस स्टडी वर्गात उंच धरली. "पाहा वं पोरींनो! झोप, भूक, रडणं, पेशंटचं काही म्हणता काही सुटलं नाही हिच्या नजरेतून. फक्त पेशंटची सही राहिली, म्हणून विसातले दोन मार्क कापले."

सोनिकानं पेन काढलं आणि तिथंच आपली सही केली.



मॅडमनी सही आहे एवढंच पाहिलं आणि वीसपैकी वीस दिले.