सातवं डोकं

"आज या शहराचा इतिहास आपल्या डोक्यांवर लिहिला जाणार आहे!" कृती समितीचे अध्यक्ष प्यो सांग-गिल महापालिकेच्या पायऱ्यांवरून गरजले. माइक बंद होता. तो चालू झाल्यावर त्यांनी इतिहास पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला.

नव्या लाइट रेलचं स्टेशन टेकडीवरच्या जुन्या वस्तीत व्हावं की खालच्या नव्या टॉवरांपाशी, याची जनसुनावणी दहा वाजता होती. टॉवरवाल्यांनी कालच इथे निषेध म्हणून पाच डोकी भादरून घेतली होती, आणि पेपरात मोठा फोटो आला होता. म्हणून टेकडीवाल्यांना आज सात हवी होती. सहा माणसं गळ्याभोवती पांढरी चादर गुंडाळून खुर्च्यांवर बसली होती. सातव्याच्या मुलीचं शनिवारी लग्न होतं. त्याला बायकोने घराबाहेर पडूच दिलं नव्हतं.

रस्त्यापलीकडे टॉवरवाल्यांचा भोंगा सुरू झाला. "वर राहतंय कोण? म्हातारी आणि मांजरं! गाडीत काय मांजरं बसवणार?"

"आणि तुमच्याकडे घरटी दोन मोटारी!" सलूनवाल्या बांगबाई ओरडल्या. भादरायचं मशीन घेऊन त्याच आल्या होत्या. "तुम्हाला स्टेशन कशाला? फ्लॅटचे भाव चढवायला?"

तेवढ्यात मा ओक-पुन आजी येऊन सातव्या खुर्चीवर बसल्या. वय चौऱ्याहत्तर. ऐन मे महिन्यात डोक्यावर लोकरीची टोपी.

"आजी, तुम्ही?"

"डोकं कमी पडतंय म्हणे."

अध्यक्षांना आनंद लपवता येईना. चौऱ्याहत्तर वर्षांचं डोकं टॉवरवाल्यांकडे नव्हतं. "कॅमेरेवाले, इकडे या! आधी आजी!"

बांगबाईंनी चादर बांधली, मशीन सुरू केलं आणि टोपी काढली. टोपीखाली एकही केस नव्हता.

मशीन हवेतच घुरघुरत राहिलं.

"आजी, हे आधी सांगायचं नाही का?" अध्यक्ष पुटपुटले.

"तुम्ही डोकं मागितलंत. आणलंय."

मग आजींनी माइक न मागताच सांगितलं. कॅन्सरचं इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस, दीड तास. "जाताना काही नाही. येताना ओकारी थांबत नाही, म्हणून पिशवी तोंडाशी धरून बसते. शेजारचे उठून जातात. त्यांचं तरी काय चुकलं?"

"पण आजी," बांगबाई हळूच म्हणाल्या, "गाडी धावायला सहा वर्षं आहेत."

"ठाऊक आहे गं. मी काही त्या गाडीत बसत नाही. पण माझ्या गल्लीतून अजून तिघी जातात. एक तर तिशीचीच आहे."

बांगबाईंनी मशीन बंद केलं. पलीकडचा भोंगाही कोणीतरी बंद केला. अध्यक्षांचे डोळे खरोखरच भरून आले.

एक फोटोग्राफर पुढे आला आणि त्यांच्या कानाशी लागला. अध्यक्षांनी मान डोलावली. मग ते आजींपुढे उकिडवे बसले आणि त्यांचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातात घेतले.

"आजी, रागावू नका. फोटोत केस पडताना दिसावे लागतात. जवळ एखादा विग आहे का हो? पाच मिनिटं घालता?"